सहा नंबरचा पत्रा

सकाळी सव्वाअकरा वाजता स्क्रीनवर सहा नंबरच्या पत्र्याचा आकडा सरळ झाला.

तो सरळ झालेला प्रयोगशाळेत कोणी कधी पाहिला नव्हता. त्या वेळी टाकीच्या खोलीत धाकटी एकटीच होती. सहा नंबरच्या बरोबर विरुद्ध बाजूला, दोन नंबरच्या पत्र्यापासून हातभर अंतरावर, ती लाकडी स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली होती. प्रयोग चालू असताना त्या खोलीत कोणी पाऊल टाकायचं नाही, हा तिथला पहिला नियम. दारावर तो नियम लिहून चिकटवणारीही तीच होती.

धाकटी हे तिचं खरं नाव नव्हे. संशोधनाला आली तेव्हा ती सरांच्या हाताखाली सगळ्यांत लहान होती, म्हणून ते चिकटलं. तिच्या वरचे एकेक करून पदव्या घेऊन पांगले, तिच्या मागून कोणी आलं नाही, आणि कानशिलावरचे केस पिकायला लागले तरी ती धाकटीच राहिली.

टाकी पुरुषभर उंचीची, गोल, जाड पारदर्शक प्लास्टिकची. काठोकाठ पाणी. तळाला तांब्याची चकती, विजेवर तापवलेली. माथ्याला तशीच चकती, गार पाणी खेळवून थंड ठेवलेली. खालचं पाणी तापून हलकं होतं आणि वर चढतं, वरचं गार होऊन खाली उतरतं. चुलीवरच्या पातेल्यात हेच चालतं. पातेल्याकडे कोणी वर्षानुवर्षं टक लावून बसत नाही, इतकंच. या सगळ्या घुसळणीतून टाकीत एक मोठा प्रवाह आपोआप उभा राहतो. एका बाजूनं वर, माथ्याखालून आडवा, समोरच्या बाजूनं खाली. त्याला इथं सगळे वारा म्हणत. हा वारा मधूनच, काही कारण नसताना, मरतो. थोडा वेळ पाणी वाट चुकल्यासारखं घुटमळतं, आणि मग वारा पुन्हा उठतो, कुठल्याही बाजूनं. ‘कुठल्याही’ हा शब्द म्हणजे धाकटीच्या प्रबंधाचा कणा. वाऱ्याला आवडती-नावडती बाजू नसते, एवढंच तिला आकड्यांनी दाखवून द्यायचं होतं.

बाहेरची ऊब किंवा गारवा पाण्याला लागू नये म्हणून टाकीभोवती फोमचं जाड वेष्टण होतं, आणि त्याच्याभोवती तांब्याचे आठ पत्रे उभे केलेले होते. प्रत्येक पत्र्याला आपापला छोटा हीटर. पत्रा गार पडू लागला की हीटर जरा जास्त वीज घेई, तापू लागला की कमी. आठांनाही सारखीच वीज लागली, म्हणजे टाकीला कुठूनही हवा लागत नाही असं समजायचं. माणूस मात्र खोलीत नको. माणूस म्हणजे चालताबोलता हीटर. तो जवळ आला की पत्र्याला लगेच कळतं.

सहा नंबरला नेहमीच बाकीच्यांपेक्षा थोडी कमी वीज लागायची. साडेपाच वॅट. फार नाही, पण सदानकदा. जणू त्याला कुठून तरी फुकटची ऊब मिळत होती. टाकी जुन्या इमारतीत होती तेव्हा त्या बाजूच्या भिंतीमागून गरम पाण्याचा नळ जातो असं कोणीतरी सांगितलं होतं, आणि हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालून ते साडेपाच वॅट वळते केले होते. त्या ओळीला कोणा जुन्या विद्यार्थ्यानं नाव दिलं, घरजावई. काम ना धाम, एका जागी बसून आयती ऊब, पण हिशेबात मान राखावा लागतो. नव्यानं येणाऱ्याला घरजावयाची ओळख करून देताना सगळे हसत. मग तोही हसायला शिके आणि पुढच्याला ओळख करून देई.

मग प्रयोगशाळा नव्या इमारतीच्या तळघरात हलली. टाकी सुटी करून आणली, पुन्हा जोडली. प्रोग्रॅम होता तसाच राहिला.

प्रबंधाचा मसुदा वाचणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: जुन्या भिंतीमागच्या नळाची वजावट नव्या इमारतीत कशासाठी?

धाकटीनं प्रश्न दोनदा वाचला. ती ओळ तिनं कधी तपासलीच नव्हती. इथल्या कोणीच नाही. साधं थर्मामीटरही तीन वेळा ताडून घेणारी ही माणसं, पण वारशानं आलेल्या आकड्याला हात लावायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. तिनं ओळ काढून टाकली. तळघराच्या भिंतीमागे नळ नव्हता, नुसती माती होती. तेव्हा सहा नंबर आता बाकीच्यांसारखा दिसायला हवा होता. तो तसा दिसला नाही. साडेपाच वॅटची ऊब जागच्या जागी होती. भिंत मागे राहिली, नळ मागे राहिला, आणि ऊब टाकीबरोबर आली होती.

वाराही त्या उबेचंच ऐकत होता. मेल्यावर पुन्हा उठताना तो बहुतेक वेळा सहाच्याच बाजूनं वर चढायचा. “टाकी कलती असेल,” सर म्हणाले. कार्यशाळेतल्या मिस्त्रींनी पाणसळ लावून दाखवली. बुडबुडा बरोबर मध्ये होता.

परीक्षकांनी सवलत दिली. आठही पत्रे सारखे असलेली एक स्वच्छ मोजणी पाठवा, बाकीचं मी मान्य करतो, असं त्यांनी कळवलं. मात्र ती महिनाअखेरीच्या आत व्हायला हवी होती. महिनाअखेरीला सर निवृत्त होणार होते, आणि टाकी सुटी करून दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेला जाणार होती. नाही जमलं तर नवे मार्गदर्शक, नवी जागा, आणखी दोन वर्षं.

धाकटीचा जीव अडकला होता तो या दोन वर्षांत. तिची पाच वर्षांची मुलगी, ठकी, परगावी थोरल्या बहिणीकडे वाढत होती. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. तान्ही पोर आणि टाकी दोन्ही सांभाळणं जमेना तेव्हा ताईच म्हणाली होती, प्रबंध होईस्तोवर माझ्याकडे राहू दे. तेव्हा ठकी बोलतही नव्हती. आता घडाघडा बोलायची, ताईला आई म्हणायची आणि धाकटीला फोनआई.

“ती मुद्दाम नाही गं म्हणत,” ताई फोनवर म्हणाली. “दोघींत फरक करायला तिला काहीतरी नाव हवंच ना.”

“माहीत आहे मला.”

“माहीत असून काय उपयोग? शाळा सुरू व्हायच्या आत ये. एकदा का शाळेत माझं नाव लागलं की तूच तिला मावशी वाटायला लागशील. मस्करी नाही करत मी.”

“एक स्वच्छ मोजणी झाली की निघालेच.”

“इतकी घाण आहे तर मी येऊन घासून देऊ का तुझी टाकी?”

ताईनं हसवलं, पण फोन ठेवायच्या आधी पुन्हा म्हणाली, “शाळेच्या आत.”

मिस्त्री म्हणजे कार्यशाळेचे जुने कारागीर. टाकीचा स्क्रू न स्क्रू त्यांच्या हातचा. दोघांनी मिळून आधी सहा आणि दोन नंबरच्या पत्र्यांची अदलाबदल केली. पत्रा बिघडलेला असता तर दोष त्याच्याबरोबर गेला असता. तो गेला नाही, सहाच्या जागी राहिला. मग हीटर बदलले, तारा बदलल्या. काही उपयोग झाला नाही.

कळलं ते अनायासे. मिस्त्री चार नंबरच्या पायाशी उकिडवे बसून एक चाप आवळत होते आणि धाकटी बाहेर स्क्रीनपाशी होती. चार नंबरचा आकडा उतरला. मिस्त्री उठले तसा पुन्हा चढला. धाकटी स्क्रीनवरच्या रेषेतल्या त्या खड्ड्याकडे बघत राहिली, मग दार उघडून म्हणाली, “मिस्त्री, परत बसा.”

“आँ?”

“होतात तसेच. तिथंच.”

“फोटो काढतेस की काय? थांब, केस नीट करू दे.” त्यांच्या डोक्यावर केस नव्हते.

ते बसले. चार नंबर उतरला. बरोबर साडेपाच वॅटनं.

धाकटीनं त्यांना काही सांगितलं नाही. दोघांनी टाकी पुन्हा बंदिस्त केली, पाणी स्थिरावू दिलं. आणि त्या सकाळी तिनं कार्यशाळेतून स्टूल आणलं, मिस्त्रींना बाहेर स्क्रीनपुढे बसवलं, टाकीच्या खोलीतला स्पीकरचा फोन चालू ठेवला आणि आत जाऊन दोन नंबरपाशी बसली. सहापासून जितकं लांब बसता येईल तितकं. जवळ बसलेल्या माणसाची ऊब किती भरते, एवढंच तिला नीट मोजून घ्यायचं होतं.

“दोन उतरला,” मिस्त्री फोनवर म्हणाले. “साडेपाच. झालं समाधान? ये आता बाहेर.”

“जरा स्थिर होऊ दे.”

“होऊ दे बाई. वारा मेला बघ इकडे.”

आत काहीच बदललं नाही. गार पाण्याच्या पंपाची घरघर तेवढी चालू होती. वारा मरताना आवाज होत नाही. टाकीभोवतीच्या, पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरांचे आकडे एका रेषेत येतात, इतकंच. धाकटीसमोर वेष्टणात गुंडाळलेली टाकी होती. तिच्यापलीकडची सहा नंबरची बाजू इथून दिसत नव्हती.

“अगं, सहा चढतोय.”

“किती?”

“चढतोयच. थांब. सरळ झाला! बाकीच्यांच्या रांगेत आला की गं. घरजावई उठला वाटतं जेवायला.” मिस्त्री आपल्याच विनोदावर मनापासून हसले.

“आणि दोन?”

हसणं थांबलं.

“मिस्त्री, दोनचं सांगा.”

“दोन उतरतोय अजून. आठ. नऊ. हात टेकलास का पत्र्याला?”

“नाही.”

“अकरावर थांबला. वारा उठला, दोनच्या बाजूनं.” जरा थांबून ते म्हणाले, “दोघी बसल्यात की काय तिथं?”

धाकटीनं मान वळवली नाही. नजर तेवढी खाली नेली. स्टुलाशेजारची फरशी स्वच्छ होती. तिनंच सकाळी पुसली होती. शेजारून ऊब लागतेय का, हे तिनं मुद्दाम लक्ष देऊन पाहिलं. काही लागत नव्हतं. वास नाही, आवाज नाही, अंगावर काटासुद्धा नाही. पत्र्याला जे कळत होतं ते तिच्या कातडीला कळत नव्हतं, आणि हे तिला अजिबात आवडलं नाही.

ती उठली, बाहेर आली, दार लावून घेतलं. थोड्या वेळात आठही आकडे एका ओळीत येऊन उभे राहिले.

सर आले ते दुपारी. उंच, किडकिडीत, आवाज कधी न चढवणारा माणूस. स्क्रीनपुढे ते बराच वेळ वाकून उभे राहिले.

“गेला म्हणायचा,” ते म्हणाले. “न सांगता.”

“सर, मी बसले होते तेव्हा दोनला अकरा दाखवत होतं.”

“तू जाड झाली असशील.”

“एका सकाळीत?”

सर हसले नाहीत. “मोजून बघू,” म्हणाले.

मोजलं. सर आत जाऊन दोन नंबरपाशी बसले: साडेपाच. मिस्त्री बसले: साडेपाच. धाकटी बसली: अकरा. ती चारपाशी बसली तरी अकरा, सातपाशी बसली तरी अकरा. बाहेर आली की सगळे सरळ. मिस्त्रींनी नवा विनोद केला नाही. ती शेवटची बाहेर आली तेव्हा ते दारातून बाजूला झाले, आणि सरकले ते दोन माणसं जातील एवढे.

“हे किती जुनं आहे?” तिनं सरांना विचारलं.

“टाकी माझ्या गुरूंनी बांधलेली. मी आलो तेव्हा ती ओळ होती. मीही उचलली.” सर चष्मा पुसत राहिले. “जुन्या इमारतीत मोजणी नसली की मी डबा आत नेऊन खायचो. सहाच्या बाजूला. तिथं बरं वाटायचं.”

“आणि आज आत बसलात तेव्हा?”

“आज एकटं वाटलं,” सर म्हणाले, आणि चष्मा डोळ्यांवर चढवून नेहमीच्या आवाजात सांगितलं, “तुला स्वच्छ मोजणी हवी होती ना? आता ती मिळेल. आत पाऊल टाकू नकोस. मोजणी पुरी कर आणि लेकीकडे जा.”

“आणि ते?”

“ते म्हणजे कोण?” सरांनी विचारलं. उत्तराला न थांबता ते निघाले.

मोजणी सुरू झाली. त्या टाकीनं असे आकडे आजवर कधी दिले नव्हते. आठ पत्रे जुळ्या भावंडांसारखे एका ओळीत. वारा मेला की कधी तीनच्या बाजूनं उठायचा, कधी आठच्या, कधी पाचच्या. त्याला आवडती बाजू उरली नव्हती. कागदावर दिशांचं वर्तुळ दिवसेंदिवस गोल होत चाललं होतं. जे खरं आहे असं धाकटी इतकी वर्षं सांगत आली ते डोळ्यांसमोर खरं होत होतं, आणि ते कशामुळे हे तिघांना माहीत होतं.

संध्याकाळी ती आपल्या भाड्याच्या खोलीवर जायची. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. चहा करायची, खुर्चीत बसून प्यायची. पलंगाकडे बघायची. तिथं पत्रे नव्हते, हीटर नव्हते, स्क्रीन नव्हता. घरी मोजायला काही नव्हतं. प्रयोगशाळेत जे अकरा आणि साडेपाच एवढं साधं होतं, ते इथं कितीही असू शकत होतं किंवा काहीच नसू शकत होतं. ऊब दाखवणारा इन्फ्रारेड कॅमेरा मागून आणावा असं तिच्या मनात आलं. तिनं तो आणला नाही. आणून काय करायचं, हे तिला सुचलं नाही.

तिकीट काढून झालं. तिनं ताईला दिवस कळवला. ताईनं फोन ठकीच्या हातात दिला.

“फोनआई, तू खरंची येणार?”

“खरंची येणार.”

“मी तुला माझ्या पलंगावर जागा करणारे. मावणार ना तू?”

“मावेन की. मी बारीक आहे.”

“बाबा पण येणारे?”

“नाही राणी, बाबा जहाजावर आहे.”

“मग तू एकटीच?”

धाकटीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. ठकीनं पुन्हा विचारलं, “एकटीच ना? कारण पलंग छोटा आहे,” आणि तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला, “अगं, तिला बोलू तरी देशील?”

“तयारी करून ठेव,” धाकटी म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या दिवशी ती सरांकडे गेली नाही, मिस्त्रींकडे गेली. त्यांना तिचं म्हणणं समजायला वेळ लागला नाही, पटायला लागला.

“म्हणजे ते परत सहाला बसवायचं,” मिस्त्री म्हणाले.

“हो.”

“मोजणी मातीत जाईल. तू आत बसलीस की तिथंच गेली. शिवाय ते सहाला राहिलं तर पुढचीही गेली. इतकी वर्षं घासलीस ती कशाला?”

“माहीत आहे.”

“मोजणी पुरी होऊ दे, मग बसव की.”

“मोजणी संपली की टाकीला वीज नाही, वारा नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हीच पत्रे सोडणार. जागेवरून उठलं ते वारा मेला तेव्हाच. एरवी मी कितीदा आत-बाहेर केलं, माझ्याबरोबर आलं आणि माझ्याबरोबर गेलं. वाराच नसला तर कशावर उतरवू?”

“आणि वारा कधी मरेल? आज? चार दिवसांनी?”

“तोवर बसेन.”

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. “हे बघ धाकटे, तुझ्याबरोबर काही आहे असं मी म्हणत नाही. पण असलंच, तरी इतकी वर्षं त्यानं कोणाचं काही वाकडं केलेलं नाही. आयती ऊब खाल्ली, एवढंच.”

“कोणाची ऊब, मिस्त्री?”

मिस्त्रींनी पाना जरा बाजूला सरकवला.

“पत्र्याला त्यानं ऊब दिली,” धाकटी म्हणाली. “घेतली नाही. त्यानं कुठून आणली ते आपण कधी मोजलंच नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर ते लेकराच्या पलंगावर नेलं असतंत?”

मिस्त्रींना दोन नाती होत्या. त्यांनी स्टूल उचललं आणि दारापर्यंत आणून दिलं.

सहा नंबरपाशी धाकटी बसली ती सकाळी. आकडा अकरा. मोजणी तिथंच संपली; स्क्रीनवर एका ओळीत चाललेल्या आठ रेषांपैकी एक खाली कोसळली आणि खालीच राहिली. सर आले, त्यांनी ती रेषा पाहिली, आणि मिस्त्रींच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, “परीक्षकांना मी लिहीन. उपयोग होईलच असं नाही.” मिस्त्रींनी ते फोनवर जसंच्या तसं आत कळवलं. “बरं,” एवढंच उत्तर आलं.

वारा त्या दिवशी मेला नाही. धाकटी संध्याकाळी उठली, खोलीवर गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसली. अकरा. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या टेबलावर धाकटीच्या मोबाइलवर ताईचा फोन वाजत राहिला. गाडीची वेळ टळून गेली होती. सरांनी फोनकडे पाहिलं आणि तो उपडा ठेवला.

दुपारी मिस्त्री एकदम सावरून बसले. “मरतोय,” ते फोनवर म्हणाले. “वारा मरतोय. सगळे सेन्सर एका रेषेत येतायत. मेला. ऊठ आता. सावकाश ऊठ.”

दार उघडलं. धाकटी बाहेर आली आणि दार लावून पाठ टेकून उभी राहिली. तिघंही स्क्रीनकडे बघत होते. वारा उठेल, सहाच्या बाजूनं उठेल, मग सहाचा आकडा ओळीच्या साडेपाच खालीच थांबेल, असा तिचा हिशेब होता.

सहाचा आकडा चढला. चढत चढत बाकीच्यांच्या ओळीत जाऊन बसला. आठही सरळ.

“वारा?” धाकटीनं विचारलं.

“अजून नाही,” मिस्त्री म्हणाले.

वारा मेल्यावर पाणी घुटमळतं ते थोडा वेळ. पंपाची घरघर चालू होती. तळाच्या हीटरला पूर्ण वीज जात होती. कोणीतरी खुर्ची सरकवली. सेन्सरांच्या रेषा एकीवर एक पडून होत्या, इतक्या की वेगळ्या ओळखू येत नव्हत्या; नुसतं घुटमळणारं पाणीही आकडे थोडे तरी हलवतं, ते हलतही नव्हते.

“सर, असं होऊ शकतं?”

“नाही,” सर म्हणाले.

“पण झालंय.”

“हो.”

टेबलावरचा फोन पुन्हा थरथरायला लागला. धाकटीनं तो उचलून नाव पाहिलं, आणि तसाच हातात धरून ठेवला. मग ती एक पाऊल टाकीच्या खोलीच्या दाराकडे सरकली. स्क्रीनवरची रेषांची जुडी किंचित हलल्यासारखी झाली. ती थांबली, जुडी थांबली. ती बाहेरच्या जिन्याच्या दिशेला सरकली. तसंच झालं. जणू ती ज्या बाजूला जाईल त्या बाजूनं उठायला वारा खोळंबला होता.

“हलू नकोस,” मिस्त्री हळू आवाजात म्हणाले.

हाती आलेल्या शेवटच्या आकड्यांप्रमाणे आठही पत्रे सरळ आहेत. तळाची चकती तापलेली आहे, माथ्याची गार आहे. मधलं पाणी कुठल्याही बाजूनं अजून वर उठलेलं नाही. धाकटी दार आणि जिना यांच्या मध्ये उभी आहे, आणि ताईचा फोन तिनं घेतलेला नाही.